टोकियोचं रद्द झालेलं स्टेडियम: लोक नेमके कशावर चिडले होते?

प्रश्न असा आहे: २०२० च्या टोकियो ऑलिंपिकसाठी आर्किटेक्ट झाहा हदीद यांनी केलेलं राष्ट्रीय स्टेडियमचं डिझाइन लोकांनी ‘हेल्मेट’ म्हणून टिंगल केल्यामुळे रद्द झालं का? आणि ज्यांना बांधकामातलं ओ की ठो कळत नाही, त्यांच्या आरडाओरड्यावर एवढा मोठा प्रकल्प मोडीत काढणं बरोबर होतं का?

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे. मोठ्या स्पॅनची छपरं, ग्रँडस्टँड, क्रीडासंकुलं यातच उमेदीची वर्षं गेली. टोकियोचं प्रकरण आमच्या धंद्यात सगळ्यांनी बारकाईनं पाहिलं, कारण प्रत्येकाला त्यात आपला एखादा क्लायंट दिसत होता.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. टिंगलीनं काहीही रद्द झालं नाही. टिंगल चालू असतानाच नकाशे पुढे सरकत होते, जुनं स्टेडियम पाडलं जात होतं. डिझाइन बुडालं ते एस्टिमेटच्या आकड्यावर, आणि ते नेमकं कधी बुडवायचं हे राजकारणानं ठरवलं. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र थोडं मागे जावं लागेल.

जुनं राष्ट्रीय स्टेडियम १९५८ च्या आशियाई खेळांसाठी बांधलेलं. १९६४ च्या ऑलिंपिकचं मुख्य मैदान तेच. ते उभं होतं मेइजी जिंगू गाईएन या भागात. मेइजी सम्राटांच्या स्मरणार्थ लोकांच्या देणग्यांतून तयार झालेला हा परिसर १९२६ साली पुरा झाला. गिंको झाडांचा तो सुप्रसिद्ध रस्ता इथलाच. टोकियोसारख्या गच्च शहरात ही मोकळी जागा जपून ठेवलेली, त्यामुळे बांधकामाच्या उंचीवर कडक बंधनं होती.

जुलै २०१२ मध्ये जपान स्पोर्ट कौन्सिल या सरकारी क्रीडासंस्थेनं नव्या स्टेडियमसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा लावली. प्रवेशिका द्यायला जेमतेम दोन महिने. भाग घ्यायचा तर नावावर एखादा मोठा पुरस्कार हवा किंवा मोठं स्टेडियम बांधल्याचा अनुभव हवा, म्हणजे तरुण आर्किटेक्टांना दार आधीच बंद. मागणी काय होती ते नीट वाचा: ८०,००० आसनं, ॲथलेटिक्सचा ट्रॅक, फुटबॉल आणि रग्बीची सोय, शिवाय संगीताच्या मोठ्या कार्यक्रमांसाठी उघडझाप होणारं छप्पर. खर्च १३,००० कोटी येन धरलेला. आणि उंची ७० मीटरपर्यंत चालेल, असं मसुद्यातच लिहिलेलं! त्या जागेच्या नियमात तेव्हा ती बसत नव्हती. नियम बदलून ७५ मीटरची परवानगी झाली ती २०१३ मध्ये. आधी कळस मग पाया, तो हा असा.

४६ प्रवेशिका आल्या. आर्किटेक्ट तादाओ आंदो यांच्या अध्यक्षतेखालच्या परीक्षक मंडळानं नोव्हेंबर २०१२ मध्ये हदीद यांची निवड केली. ऑलिंपिक तेव्हा टोकियोला मिळालेलंही नव्हतं. ते मिळवायला डोळ्यांत भरेल असं चित्र हवं होतं आणि ते चित्र कामी आलं. सप्टेंबर २०१३ मध्ये ब्यूनोस आयर्सला तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी ऑलिंपिक समितीपुढच्या भाषणात या स्टेडियमसारखं दुसरं दिसणार नाही अशी ग्वाहीसुद्धा दिली. दोन वर्षांनी ते रद्द केल्याची घोषणा करणारेही तेच.

आता टिंगलीकडे. सायकलचं हेल्मेट, कमोडची सीट, जे सुचेल ते लोक म्हणाले. आराता इसोझाकी यांच्यासारखा ज्येष्ठ आर्किटेक्टसुद्धा मागे राहिला नाही. त्यांनी सुधारित डिझाइनला जपान बुडायची वाट बघत बसलेलं कासव म्हटलं. आयोजन समितीचे अध्यक्ष, माजी पंतप्रधान योशिरो मोरी, तर सगळं संपल्यावर म्हणाले की आपल्याला ते कच्च्या कालवासारखं दिसायचं, पहिल्यापासून आवडलंच नव्हतं. वरातीमागून घोडं. याच हदीद यांच्या कतारमधल्या अल वक्राच्या स्टेडियमचं चित्र २०१३ मध्ये आलं, तेव्हा त्यावरून जगभर जो अचकटविचकट विनोद झाला तो इथं लिहायची गरज नाही. ते स्टेडियम २०१९ मध्ये उघडलं, वर्ल्ड कपचे सामने झाले, आणि जमिनीवरून बघणाऱ्याला त्या विनोदातलं काही दिसत नाही.

टिंगलीचं हेच वैशिष्ट्य आहे. ती इमारतीवर नसते, रेंडरवर, म्हणजे संगणकावर रंगवलेल्या चित्रावर, असते. आणि रेंडर जवळजवळ नेहमी आकाशातून काढलेलं असतं, कारण स्टेडियम एका फ्रेममध्ये मावायला दुसरी जागाच नाही. त्या उंचीवरून ती वास्तू कावळे-घारी बघणार आणि हेलिकॉप्टरमधला कॅमेरामन बघणार. तिकीट काढून येणारा माणूस बघणार आहे रस्त्यावरून, मान वर करून.

एका जिल्हा क्रीडासंकुलाच्या बैठकीत मी बसलो होतो. पडद्यावर थ्रीडी लागलं: संध्याकाळचं निळं आकाश, खालून सोडलेले दिवे, पायऱ्यांवर फुगे घेतलेली मुलं. तासभर चर्चा झाली ती छपराच्या पट्ट्याचा रंग भगवा असावा की निळा यावर. आसनसंख्या कुणी ठरवली असं मी विचारलं, तर शेजारच्या जिल्ह्यापेक्षा जास्त हवी म्हणून ठरवली, असं उत्तर आलं. महिलांची स्वच्छतागृहं एका बाजूच्या स्टँडखालीच होती. दुसऱ्या बाजूच्या बाईनं अर्धा घेर चालून यायचं. चित्रात स्वच्छतागृह दिसत नाही, त्यामुळे त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

टोकियोत हे अवाक्षर काढणारा माणूस निघाला. फुमिहिको माकी. प्रित्झकर हा आर्किटेक्टांचा सर्वांत मानाचा पुरस्कार मिळालेले, वय पंचाऐंशीच्या घरात, आणि मुख्य म्हणजे याच स्टेडियमच्या शेजारचं टोकियो मेट्रोपॉलिटन जिम्नॅशियम (१९९०) त्यांनीच बांधलेलं. तिथल्या नियमांशी झगडत त्यांनी बराचसा भाग जमिनीखाली उतरवला होता. ऑगस्ट २०१३ मध्ये जपानच्या आर्किटेक्टांच्या संस्थेच्या मासिकात त्यांनी लेख लिहिला. हदीद यांच्या आकारावर त्यांचा रोख नव्हता. त्यांचं म्हणणं असं की या जागेवर एवढ्या मागण्या बसत नाहीत, रस्त्यानं चालणाऱ्याला काय दिसेल याचा विचार स्पर्धेच्या मसुद्यातच झालेला नाही, आणि पंधरा-वीस दिवसांच्या सोहळ्यानंतर हे धूड पुढची पन्नास वर्षं पोसणार कोण? तोयो इतो, केंगो कुमा, सोऊ फुजिमोतो अशी बडी नावं त्यांच्या बाजूनं आली. इतो यांनी तर जुनंच स्टेडियम सुधारून कसं वापरता येईल याचा आराखडा मांडला. सामान्य नागरिकांचे गटही सह्या गोळा करत होते. पलीकडच्या कासुमिगाओका सरकारी वसाहतीतल्या लोकांना घरं सोडायची नोटीस होती. त्यातल्या काहींची घरं १९६४ च्या ऑलिंपिकच्या वेळीही एकदा गेली होती.

आता उंची कुठून येते ते सांगतो, कारण ‘हदीदबाईंना भपका हवा म्हणून उंच’ हा गैरसमज अजून ऐकतो.

स्टेडियमचा वाडगा प्रेक्षकाच्या नजरेपासून आखतात. तुमच्या डोळ्यापासून मैदानाच्या जवळच्या कडेपर्यंत रेघ ओढा. ती रेघ पुढच्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीच्या किती वरून जाते, ते अंतर म्हणजे आमची ‘सी व्हॅल्यू’. ६० मिलिमीटर मिळाले तर चालतं, ९० मिळाले तर छान, १२० म्हणजे चैन. हे काही मिलिमीटर प्रत्येक रांगेत सांभाळायचे तर प्रत्येक पायरी तिच्या खालच्या पायरीपेक्षा थोडी जास्त उंच करावी लागते, म्हणून स्टँड मागे जाताना वर वळत जातो. आता फुटबॉलच्या मैदानाभोवती ट्रॅक घाला. प्रेक्षक मागे सरकला, घेर वाढला. त्या घेरात ८०,००० बसवायचे तर मजले चढवायला हवेत, आणि स्टँडचा उतार ३४-३५ अंशांच्या वर नेता येत नाही, माणसं घसरून पडतील. तो वाडगा असा आपसूक उंच होतो. मग त्याच्यावर बंद होणारं छप्पर हवं, त्याला पेलणारा सांगाडा हवा. कुणालाही द्या, हदीद असोत की आमच्या नाक्यावरचा आर्किटेक्ट, या मागणीत उंची ७० मीटरच्या आसपास जाणारच.

८०,००० चा आकडा आला फुटबॉल वर्ल्ड कपच्या यजमानपदाच्या आशेवर. छप्पर आलं मैफिलींच्या भाड्यावर. घाई आली २०१९ च्या रग्बी वर्ल्ड कपमुळे. प्रत्येकानं आपापला हट्ट यादीत घातला आणि यादीची बेरीज कुणी केली नाही. माकी ज्याला हात घालत होते ते हे दुखणं होतं. वर्तमानपत्रांत छापून येत होतं ते हेल्मेट.

पैशाचं सांगतो. २०१३ च्या शरद ऋतूत मूळ चित्राचा हिशोब मांडला, तेव्हा तो ३०,००० कोटी येनपर्यंत गेला. मग कापाकापी. रेल्वेमार्ग आणि एक्सप्रेसवेवरून पलीकडे जाणाऱ्या त्या लांबलचक शेपट्या गेल्या, क्षेत्रफळ सुमारे चतुर्थांश कमी झालं. मे २०१४ मध्ये १६,२५० कोटींचा आकडा जाहीर झाला. वर्षभरानं, २०१५ च्या जून-जुलैत, तो २५,२०० कोटींवर आला. तेव्हाच्या दरानं सुमारे १३ हजार कोटी रुपये. त्यातही उघडझाप छप्पर ऑलिंपिकनंतर बसवायचं आणि १५,००० आसनं तात्पुरती. म्हणजे पैसे दुप्पट आणि वस्तू अपुरी. लोक इथं खऱ्या अर्थानं खवळले.

हदीद यांच्या डिझाइनमध्ये दोन कमानी होत्या, त्यांच्यावर बरंच खापर फुटलं. प्रत्येकी सुमारे ३७० मीटर लांबीच्या पोलादी कमानी, स्टेडियमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळं छप्पर त्यांच्यावर. कमान म्हटली की ती दोन्ही पाय बाहेर फाकवायला बघते. तो जोर घ्यायला एक तर पाया प्रचंड हवा, नाही तर दोन्ही पाय जमिनीखालून ताणपट्टीनं बांधून ठेवायला हवेत. त्यात भूकंपाचा देश, आणि भुयारी रेल्वे शेजारून जाते. सरकारी बाजूनं वाढीव खर्चाचा सिंहाचा वाटा या वेगळ्या छपरावर टाकला. हदीद यांच्या ऑफिसनं उलट जाहीर केलं की कमानींचं पोलाद २,३०० कोटी येनचं, म्हणजे एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांहूनही कमी. त्यांच्या मते खरा खर्च वाढला तो किंमत ठरायच्या आधीच कॉन्ट्रॅक्टर नेमल्यामुळे, तेही स्पर्धेविना.

मला विचाराल तर दोघांचंही अर्धं खरं. कमानीचं पोलाद हा कमानीचा खर्च नव्हे. तिचा पाया, ती जुळवायची जागा, तोवर तिला खाली धरून ठेवणारे टेकू, तिच्यासाठी अडून बसणारी बाकीची कामं, हे सगळं तिच्याच खात्यात मांडायला हवं. या जागेसाठी ती कमान म्हणजे नाकापेक्षा मोती जड होती. पण कॉन्ट्रॅक्टरांबद्दलचं त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं. तैसेई या बांधकाम कंपनीला स्टँड आणि ताकेनाका या दुसरीला छप्पर असं वाटप आधीच झालेलं. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतरच्या पुनर्बांधणीमुळे आणि ऑलिंपिकच्या इतर कामांमुळे मजूर आणि माल महागलेला. तारीख हलत नाही हे सगळ्यांना माहीत. अशा वेळी कॉन्ट्रॅक्टर सांगेल तो रेट.

उघडझाप छपराबद्दल कुणी हुरळून बोलायला लागलं की मी माँट्रिऑलचं नाव घेतो. १९७६ च्या ऑलिंपिकला ते छप्पर नव्हतंच, ज्या मनोऱ्यावर ते टांगायचं तो मनोरा १९८७ मध्ये पुरा झाला, कापडी छप्पर पुढे फाटत राहिलं, आणि कर्ज फिटलं २००६ मध्ये.

तर जुलै २०१५. आबे सरकारची संरक्षणविषयक विधेयकं तेव्हा लोकांना अजिबात पसंत नव्हती, रस्त्यावर निदर्शनं चालू होती. १६ जुलैला ती कनिष्ठ सभागृहात मंजूर झाली. १७ जुलैला आबे यांनी स्टेडियमचा आराखडा रद्द करून पाटी कोरी करत असल्याचं जाहीर केलं. हा योगायोग होता असं मानणारा मला अजून भेटायचा आहे. स्टेडियमवरचा राग खरा होता, पण तो शमवणं स्वस्तात जमण्यासारखं होतं. तोवर जुनं स्टेडियम जमीनदोस्त झालेलं, त्यामुळे इतो यांचा दुरुस्तीचा पर्यायही उरला नव्हता. आणि ज्या रग्बी वर्ल्ड कपसाठी एवढी घाई केली, त्याचा अंतिम सामना योकोहामाला न्यावा लागला.

हदीद यांच्याबद्दल स्पष्ट सांगतो: चोर सोडून संन्याशाला फाशी. यादी ज्यांनी केली, उंची ज्यांनी मसुद्यात लिहिली, कॉन्ट्रॅक्टर ज्यांनी नेमले, त्यांची नावं लोकांच्या तोंडी कधी आलीच नाहीत. इराकमध्ये जन्मलेल्या, लंडनमध्ये राहणाऱ्या बाईचं नाव मात्र घराघरांत. जपानी आर्किटेक्टांना परदेशी माणूस नको होता, असा आरोप त्यांनी केला. तो माकींना लागू पडत नाही. ज्यांनी त्यांचा लेख वाचला त्यांना ते कळेल. पण सगळ्या गोंगाटाला तो लागू नव्हता असं मी म्हणणार नाही. ३१ मार्च २०१६ ला त्या गेल्या, तेव्हा या डिझाइनच्या हक्कांचा आणि थकलेल्या पैशाचा वाद चालूच होता.

दुसरी फेरी मला पहिलीपेक्षा जास्त शिकवून गेली. या वेळी डिझाइन आणि बांधकाम एकाच टेंडरमध्ये, खर्चाला १५,५०० कोटी येनची मर्यादा. दोनच प्रस्ताव आले. डिसेंबर २०१५ मध्ये ते ‘अ’ आणि ‘ब’ म्हणून नावं झाकून लोकांपुढे ठेवले. कोण कुठला ते सगळ्यांनी तासाभरात ओळखलं. ‘अ’ तैसेई आणि केंगो कुमा यांचा, ‘ब’ तोयो इतो यांचा. पहिल्या फेरीतले दोन टीकाकार आता स्पर्धक! दोन्ही डिझाइनं बसकी, दोन्हींत लाकूड ठळक. लोकांना टोपणनाव ठेवायला कुठे जागाच मिळू नये याची दोघांनी काळजी घेतलेली. ‘अ’ला ६१० गुण, ‘ब’ला ६०२. आणि हा आठ गुणांचा फरक कुठून आला? बांधकामाच्या मुदतीच्या गुणांतून. तीन वर्षं देशभर सौंदर्य, परंपरा, निसर्ग यावर वाद घातल्यावर निकाल लागला तो बार चार्टवर. मला यात वावगं काही वाटत नाही. त्या घडीला वेळ हाच सगळ्यात महाग माल होता. पण टीव्हीवर बोलणाऱ्यांनी निवडीचं श्रेय लाकडाला दिलं.

कुमांचं स्टेडियम नोव्हेंबर २०१९ मध्ये पुरं झालं. उंची ४७ मीटरच्या थोडी वर, खर्च १५,६९० कोटी येन, मैदानावरचं छप्पर नाही, आसनं सुमारे ६८,०००. पागोळ्यांसारख्या पुढे आलेल्या छज्ज्यांना सत्तेचाळीस प्रांतांतून आणलेलं लाकूड. मार्च २०१६ मध्ये बोभाटा झाला की ऑलिंपिकची ज्योत ठेवायला यात जागाच धरलेली नाही! आसनं पाच रंगांची, झाडाखालच्या कवडशांसारखी विखुरलेली. स्टँड रिकामा असला तरी भरल्यासारखा दिसावा म्हणून. २०२१ मध्ये कोविडमुळे प्रेक्षकांविना स्पर्धा झाल्या, तेव्हा टीव्हीवर ती युक्ती भलतीच लागू पडली.

आपल्याकडे लोकांची नाराजी कशावर असते? वानखेडे २०११ च्या वर्ल्ड कपसाठी जवळजवळ नव्यानं बांधलं. टांगलेलं पांढरं छप्पर आलं, हवा खेळती झाली, बाकांऐवजी स्वतंत्र खुर्च्या आल्या आणि आसनं सुमारे ३३,००० वर उतरली. छप्पर कुठल्या प्राण्यासारखं दिसतं यावर मुंबईकरानं डोकं चालवलं नाही. तो भडकला तो तिकिटांवर, कारण क्लब आणि संघटनांचे वाटे वजा जाता अंतिम सामन्याची जेमतेम ४,००० तिकिटं जनतेसाठी उरली होती. तक्रार अगदी योग्य. फक्त ती आसनांचं वाटप ठरताना, नकाशा टेबलावर असताना, व्हायला हवी होती.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: लोकांना डिझाइनमधलं कळत नाही हे खोटं आहे. त्यांना चुकीचा कागद दाखवला जातो. रेंडर पुढे केलं तर माणूस रेंडरबद्दलच बोलणार. त्याच माणसाला सांगा की ८०,००० आसनं धरली आहेत, सोहळा संपल्यावर वर्षातून इतक्या वेळा ती भरली नाहीत तर देखभालीचा खर्च तुमच्या करातून जाईल, तर तो रिक्षावाला असो की प्राध्यापक, पाच मिनिटांत मुद्द्याला हात घालतो. टोकियोत मसुदा ठरताना असं कुणाला विचारलं नाही. २०३६ च्या ऑलिंपिकसाठी भारतानं इच्छा कळवली आहे, तेव्हा चित्रं आपल्याकडेही येतील.

टोकियोचा एक आक्षेप अजून जिवंत आहे. मोठ्या ॲथलेटिक्स स्पर्धेला मुख्य मैदानाशेजारी वॉर्म-अपचा कायमचा ट्रॅक लागतो. तो हदीद यांच्या आराखड्यात नव्हता, कुमांच्या स्टेडियमलाही नाही. गाईएनमध्ये त्याला जागाच नाही. ॲथलेटिक्सवाले हे पहिल्यापासून सांगत होते, पण चित्रात न दिसणाऱ्या ट्रॅकला कुणी मथळा दिला नाही. ऑलिंपिकला तात्पुरता ट्रॅक टाकून निभावलं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच स्टेडियममध्ये जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा झाली, स्टँड गच्च भरले, आणि धावपटू योयोगी पार्कातल्या मैदानावर वॉर्म-अप करून बसमध्ये बसून आले.